पुन्हां पुन्हां खेळावासा वाटणारा खेळ

गाजलेलें संगीत नाटक पाहावयास जाणारा प्रेक्षक पुढें काय होणार या उत्सुकतेनें जात नसे. ‘सौभद्रां’त सुभद्रा शेवटीं अर्जुनालाच मिळणार, हें पिटांत बसलेल्या पोरालाही ठाऊक असे. तरीही तोच प्रेक्षक पुढच्या शनिवारीं पुन्हां तिकीट काढी. कारण आजच्या रात्रीं अमुक पद कसें रंगेल, किती लांबेल, ‘वन्स मोअर’ पडेल कीं नाहीं, हें त्यालाच काय, पण गाणाऱ्या नटालाही अगोदर सांगतां येत नसे. रहस्यकथेचें पुस्तक अगदीं निराळें. खुनी कोण हें एकदां कळलें, कीं तें पुस्तक बहुधा शेजाऱ्याकडे जातें आणि परत न आलें तरी कोणी चौकशी करीत नाहीं.

संगणकावरील व्हिडिओ गेम या दोहोंपैकीं कोणत्या जातीचे? त्यांतील बहुतेक कथाप्रधान खेळ रहस्यकथेच्या जातीचे असतात, असेंच म्हणावें लागेल. दहापंधरा तास खपून एकदां शेवट गांठला, कीं त्या खेळांत पाहावयाचें असें फारसें उरत नाहीं. दुसऱ्यांदा खेळूं लागावें, तर तोच शत्रु त्याच दाराआड त्याच क्षणीं उभा असतो. पहिल्या वेळीं डोळे आणि हात खेळत होते. आतां केवळ स्मरणशक्ति खेळते. खेळणाऱ्यांनीं ही गोष्ट निमूटपणें पत्करलेली होती. ती न पत्करतां रचलेला एक खेळ नोव्हेंबर २००८ मध्यें अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें बाजारांत आणला. त्याचें नांव ‘लेफ्ट फोर डेड’.

या खेळाची सामग्री पाहिली तर ती आश्चर्य वाटण्याइतकी थोडी आहे. आरंभीं एकंदर चार मोहिमा, प्रत्येक मोहिमेचीं पांच प्रकरणें, म्हणजे सगळीं मिळून वीस प्रकरणें. चार सराईत खेळाडू एक मोहीम सुमारें तासाभरांत पुरी करतात. रविवारीं दुपारीं बसलेली मंडळी रात्रीच्या पानावर बसण्यापूर्वीं सगळा खेळ संपवून उठूं शकतात. कथा म्हणावी तर तीही नांवापुरतीच: एका साथीनें माणसें पिसाळलीं आहेत, बिल, झोई, लुई आणि फ्रान्सिस हीं चार माणसें तिच्यांतून वांचलीं आहेत, त्यांनीं एका सुरक्षित खोलींतून निघून दुसऱ्या सुरक्षित खोलीपर्यंत जिवंत पोंचावयाचें आणि शेवटीं हेलिकॉप्टर, होडी, विमान किंवा लष्करी गाडी गांठून निसटावयाचें. इतकेंच. आणि तरीही हा खेळ आणि त्याचा दुसरा भाग लोक एक तपाहून अधिक काळ खेळत आले आहेत. एवढ्याशा शिधासामग्रीवर इतके दिवस कसे निघाले, याचा उलगडा करूं लागलें म्हणजे मोठी मौज आढळते.

प्रथम शत्रूविषयीं दोन शब्द. झाँबी हा शब्द हैती बेटावरील लोकसमजुतींतून पाश्चात्त्य वाङ्मयांत आला. मांत्रिकानें उठवून गुलामासारखें राबविलेलें प्रेत, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडील वेताळाशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह होतो खरा. पण प्रेतांत शिरणारा आपला वेताळ मोठा चतुर, राजाला कोडीं घालणारा आणि त्याच्याशीं वाद करणारा. झाँबीजवळ बुद्धीचा लवलेश नाहीं. १९६८ मध्यें जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटानें त्याला झुंडीनें येणारें, माणूस खाणारें रूप दिलें, आणि पुढें तेंच रूढ झालें. खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीनें अशा शत्रूची एक मोठी सोय आहे. विचार करणारा शत्रु अमुक ठिकाणींच कां उभा होता, याला कांहीं कारण द्यावें लागतें. निर्बुद्ध शत्रु कोठूनही, केव्हांही, कितीही संख्येनें आला तरी कोणी कारण विचारीत नाहीं.

हा खेळ प्रथम टर्टल रॉक नांवाच्या कॅलिफोर्नियांतील एका लहानशा कंपनींत आकाराला आला. माइक बूथ हे तिचे प्रमुख. या मंडळींनीं पूर्वीं ‘काउंटर-स्ट्राइक’ या प्रसिद्ध खेळासाठीं यांत्रिक खेळाडू तयार केले होते. तें काम चालूं असतांना त्यांनीं एक गंमत करून पाहिली: एका बाजूला बंदुका घेतलेलीं थोडींशीं खरीं माणसें आणि दुसऱ्या बाजूला नुसते सुरे घेतलेले पुष्कळसे यांत्रिक खेळाडू. यांत्रिक खेळाडू एकेकटा पाहिला तर अगदींच दुबळा. पण त्यांचा लोंढा अंगावर येऊं लागला म्हणजे बंदूकवाल्यांची पांचावर धारण बसे. त्या गमतींतच ‘लेफ्ट फोर डेड’चें बीज होतें. जानेवारी २००८ मध्यें व्हॉल्व्हनें ही कंपनीच विकत घेतली.

‘काउंटर-स्ट्राइक’नें त्यांना आणखीही एक धडा दिला होता. त्या खेळांतील चारदोन गल्ल्यांचा तोच नकाशा लोक वर्षानुवर्षें खेळतात आणि कंटाळत नाहींत, कारण समोर दर वेळीं निराळीं माणसें असतात. त्यांत चकमकीही एकसारख्या होत नाहींत. बराच वेळ शुकशुकाट, मग एकाएकीं धुमश्चक्री, पुन्हां शांतता. सतत चकमक चालली तर मनुष्य थकतो आणि सतत शांतता राहिली तर जांभया देऊं लागतो. जेथें शत्रु यंत्रानेंच हालवावयाचे आहेत, तेथें हा चढउतार कोणी सांभाळावयाचा? या प्रश्नाला मिळालेलें उत्तर म्हणजे ‘डायरेक्टर’ नांवाची आज्ञावली.

डायरेक्टर या शब्दानें सिनेमाचा दिग्दर्शक डोळ्यांपुढें येतो. त्यापेक्षां नाटकाच्या पडद्याआड उभा राहून कोणाला केव्हां रंगभूमीवर सोडावयाचें तें ठरविणारा माणूस डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे कल्पना अधिक नीट येते. हा पडद्याआडचा माणूस प्रत्येक खेळाडूच्या नांवें एक आंकडा ठेवतो. तो आंकडा म्हणजे त्या खेळाडूच्या मनाच्या ताणाचा अंदाज. खेळाडूला इजा झाली, तो जमिनीवर कोसळला, एखाद्या कड्यावरून खालीं लोंबकळूं लागला, किंवा त्याच्या अगदीं जवळ एखादा झाँबी मारला गेला, कीं आंकडा चढतो. धामधूम थांबली, कीं तो हळूहळू उतरतो. यंत्राला माणसाचें मन दिसत नाहीं, त्याचा चेहराही दिसत नाहीं; अंगावर बसलेले फटकारे तेवढे मोजतां येतात. पण या कामाला तेवढें मोजमाप पुरतें.

कोणा एकाचा आंकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, म्हणजे डायरेक्टर ती धांदल तीन ते पांच सेकंद तशीच टिकूं देतो, आणि मग हात आंखडतो. चालूं असलेली चकमक विझूं देतो. त्यानंतर सुमारें तीस ते पंचेचाळीस सेकंदांचा विसांवा असतो. या अवधींत मोठी झुंड येत नाहीं. खेळाडू विसांवा न घेतां भराभर पुढें गेले, तर मात्र ही सवलत लवकर संपते. मग पुन्हां उभारणी सुरू. ताण चढवीत नेणें, शिखरावर क्षणभर धरणें, उतरूं देणें आणि विश्रांति, असें हें चक्र आहे. गाण्याच्या मैफलींत बसणाऱ्याला हा चढउतार ओळखीचा वाटेल. द्रुत लयींतच आरंभ करून तींतच शेवट करणारा गवई कोणाला आवडत नाहीं.

येथें एक गैरसमज होण्यासारखा आहे. खेळाडू दुबळा दिसला म्हणून डायरेक्टर खेळ सोपा करतो, असें पुष्कळांना वाटतें. तसें तो करीत नाहीं. काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत आणि त्यांतील कोणती घ्यावयाची, हें खेळाडू स्वतः आरंभींच ठरवितात. डायरेक्टरच्या हातीं आहे ती लय. लाटेची उंची तो बदलीत नाहीं. लाट केव्हां यावी, एवढेंच ठरवितो. २००९ मध्यें बूथ यांनीं या रचनेचें जें विवेचन प्रसिद्ध केलें, त्यांत ही गोष्ट स्पष्ट केलेली आहे, आणि या खेळाच्या सभ्यपणाचें रहस्य यांतच आहे असें म्हणतां येईल. कारण आपल्याला कोणी मुद्दाम जिंकूं देत आहे अशी शंका आली, कीं जिंकण्यांत राम उरत नाहीं.

मोठ्या संकटांची वांटणीही अशीच केलेली आहे. वाटेचे भाग पाडून प्रत्येक भागासाठीं तीन शक्यतांची जणूं पानें पिसलीं जातात: टँक नांवाचा अक्राळविक्राळ राक्षस, विच नांवाची अंधारांत रडत बसलेली स्त्री, आणि कांहींच नाहीं. यांतील तिसरें पान सर्वांत हुशारीचें आहे. कांहींच नसलेल्या वाटेवरून चौघे श्वास रोखून चालतात, कारण तेथें कांहीं नाहीं हें त्यांना ठाऊक नसतें. विचच्या रडण्याचा आवाज दुरून ऐकूं येतो. तिच्या अंगावर विजेरीचा झोत पडला किंवा कोणी फार जवळ गेलें, कीं ती खवळते आणि एका फटक्यांत माणसाला लोळविते. मग विजेऱ्या विझवून, भिंतीला चिकटून, एकमेकांना गप्प करीत चौघांची वरात निघते. परवां हाच जिना ते धडधडत उतरले होते.

बंदुका, औषधें, पेटत्या बाटल्या यांच्या जागाही दर खेळीं बदलतात. पण त्या अगदीं वाटेल तशा बदलत नाहींत. नकाशा रचणाऱ्यांनीं संभाव्य जागा पुष्कळ आंखून ठेवलेल्या असतात. त्यांतून थोड्या निवडण्याचें काम यंत्राकडे असतें. हा भेद महत्त्वाचा आहे. केवळ फांसे टाकून निवड केली असती, तर कधीं सात प्रथमोपचाराच्या पेट्या एका खोलींत आणि कधीं तीन मजले रिकामे, असला गोंधळ झाला असता. आणि गोंधळाचाही माणसाला लवकरच कंटाळा येतो. सारीपाटांत फांसा पडतो खरा, पण घरें आंखलेलीं असतात म्हणूनच त्या फांशाला किंमत असते.

एवढें सांगून झाल्यावरही अर्धाच उलगडा होतो. यंत्राची कुशलता कितीही असली तरी शेंदोनशें तासांनंतर सराईताला तिच्या खोडी कळूं लागतात. मोहिमांचे शेवटचे प्रसंग तर बहुधा ठराविकच आहेत: झुंड, टँक, पुन्हां झुंड, पुन्हां टँक आणि मग सुटका. तरीही खेळ शिळा होत नाहीं, याचें कारण बरोबरचीं तीन माणसें.

या खेळांत एकट्यानें पराक्रम गाजवावयाची सोय जवळजवळ ठेवलेलीच नाहीं. हंटर छपरावरून झेप घालून एखाद्याला खालीं पाडतो. पाडलेल्याला स्वतः सुटतां येत नाहीं, दुसऱ्यानें येऊन हंटरला हाणावें लागतें. स्मोकर आपली लांबच लांब जीभ फेंकून माणसाला ओढून नेतो. तेथेंही सोडविणारा दुसराच हवा. बूमर अंगावर ओकतो, त्यानें डोळ्यांपुढें कांहीं दिसेनासें होतें आणि त्या वासावर झुंड धांवून येते. अशा वेळीं बाकीच्यांनीं त्या आंधळ्याभोंवतीं कडें करावयाचें. शक्ति संपून कोसळलेला मनुष्य पडल्या पडल्या पिस्तूल झाडूं शकतो, पण उठूं शकत नाहीं. त्याला उठविण्यास दुसऱ्या कोणाचे पांच सेकंद लागतात, आणि त्या पांच सेकंदांत उठविणाऱ्यालाही हातीं शस्त्र धरतां येत नाहीं. दोनदां कोसळून औषधोपचार न झालेला मनुष्य तिसऱ्या खेपेस मरतो. त्यांतून आपल्या सोबत्याची गोळीही आपल्याला लागते.

यांतून खरे पेंच उभे राहतात. प्रथमोपचाराची पेटी एकच उरली आहे. ती स्वतःला वापरावी, कीं लंगडत चाललेल्या सोबत्याला? ती गमावलेल्या शक्तीपैकीं ऐंशी टक्के भरून काढते. तेव्हां आतां वापरली तर थोडी वायां जाईल, आणि थांबलें तर कदाचित् वापरावयास कोणी उरणारच नाहीं. सुरक्षित खोलीचें लोखंडी दार वीस पावलांवर आहे आणि मागें रस्त्यावर एकजण पडला आहे. परत जावें, कीं दार लावून घ्यावें? दार लावून घेतलें तरी त्याचा खेळ कायमचा संपत नाहीं. पुढच्या प्रकरणाच्या आरंभीं तो थोड्याशा शक्तीनें पुन्हां हजर होतो. परंतु तेवढ्या अवधींत तो बाकीच्या तिघांशीं काय बोलेल, हें कोणत्याही आज्ञावलींत लिहिलेलें नसतें.

‘नो मर्सी’ मोहिमेच्या चौथ्या प्रकरणांत इस्पितळाच्या लिफ्टची कळ दाबावयाची असते. लिफ्ट येण्यास वेळ लागतो आणि तोंवर झुंड येणार, हें एकदां खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. येथें नवें म्हणण्यासारखें कांहींच नाहीं. तरीही कळ दाबण्यापूर्वीं होणारी वाटाघाट दर खेपेस निराळी. कोणी म्हणतो कोपऱ्यांतल्या खोलींत पाठीला भिंत घेऊन उभें राहूं. कोणी म्हणतो लिफ्टच्या दाराशींच थांबूं. आणि एखादा महाभाग चर्चा चालूं असतांनाच कळ दाबून मोकळा होतो. असले महाभाग या खेळाच्या बाजूनें आहेत कीं विरुद्ध, हें सांगणें कठीण आहे. अनोळखी लोकांबरोबर इंटरनेटवरून खेळतांना त्यांचा फार उपद्रव होतो, आणि रागावून मध्येंच उठून जाणारेही भेटतात. गेलेल्याची जागा मग यंत्र चालवितें आणि तें काम इमानानें, पण निर्जीवपणें करतें. मित्रमंडळींत मात्र त्याच महाभागाची गोष्ट महिनाभर पुरते. दुसऱ्या एका प्रकारांत चार माणसांविरुद्ध चार माणसें झाँबींच्या बाजूनें खेळतात, आणि तेथें तर हंटरलाही डोकें असतें.

या खेळांत रक्तपात विपुल आहे, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. दुसऱ्या भागाची मूळ आवृत्ति ऑस्ट्रेलियांत २००९ मध्यें नामंजूर झाली होती. सौम्य केलेली आवृत्ति तेथें विकली गेली, आणि मूळ आवृत्तीला प्रौढांपुरती परवानगी २०१४ मध्यें मिळाली. घरांतील लहान मुलांच्या हातीं देण्याचा हा खेळ नव्हे. खेळ रचणाऱ्यांनीं मात्र त्या भयानकतेकडे थोड्या मिस्किलपणें पाहिलेलें दिसतें. प्रत्येक मोहिमेला सिनेमासारखी जाहिरात आहे, आणि शेवटीं श्रेयनामावलीबरोबर या चित्रपटाच्या निर्मितींत इतक्या झाँबींना इजा झाली, असा नेमका आंकडाही झळकतो.

पुन्हां खेळण्याजोगेपणाला पैशांतही किंमत असते, हें २००९ मध्यें दिसून आलें. पहिला भाग येऊन सातच महिने झाले होते, तोंच जूनमध्यें दुसऱ्या भागाची घोषणा झाली. खेळाडू संतापले. ज्याला पुढें भर घालीत राहूं अशी अपेक्षा होती, त्याच खेळाला सोडून नव्यासाठीं पुन्हां पैसे कां मोजावे, असें विचारीत तीस हजारांहून अधिक लोकांनीं बहिष्काराचा गट उभारला. व्हॉल्व्हनें त्या गटाच्या दोघां म्होरक्यांना आपल्या कचेरींत बोलावून नवा खेळ खेळावयास दिला, आणि ऑक्टोबरांत तो गट विसर्जित झाला. तक्रार मात्र अगदींच अनाठायीं नव्हती. आपला खेळ जुना होत नाहीं असें ज्यांनीं सिद्ध केलें, त्यांनींच तो वर्षांत जुना ठरवावा, यांत विसंगति होतीच. पुढें २०१२ पर्यंत पहिल्या भागांतील सर्व मोहिमा दुसऱ्या भागांत आणून बसविण्यांत आल्या, तेव्हां त्या विसंगतीची थोडीफार भरपाई झाली.

दुसऱ्या भागांत डायरेक्टरला आणखी अधिकार मिळाले. एका कबरस्तानांतील वाटाच तो दर खेळीं फिरवितो. ‘हार्ड रेन’ या मोहिमेंत तर खेळाडूंनीं इंधन आणावयास एका गांवांतून जावयाचें आणि त्याच गांवांतून परत यावयाचें. जातांना पाहिलेले रस्ते परततांना पुरानें भरलेले असतात, आणि वादळाच्या गर्जनेंत सोबत्याची हांकही धड ऐकूं येत नाहीं.

टर्टल रॉकच्या मंडळींनीं पुढें स्वतंत्र होऊन ऑक्टोबर २०२१ मध्यें ‘बॅक फोर ब्लड’ हा त्याच वळणाचा खेळ काढला. त्यांत विविधतेसाठीं पत्त्यांची योजना होती. खेळाडूंनीं आपापला जोड जमवावयाचा, आणि यंत्रानेंही आपलीं पानें टाकावयाचीं. सामग्री पहिल्यापेक्षां कितीतरी अधिक. पण २०२३ च्या आरंभीं त्यांत नवी भर घालणें थांबवीत असल्याचें कंपनीनें जाहीर केलें. त्याच्या आधींच, सप्टेंबर २०२० मध्यें, ‘लेफ्ट फोर डेड’च्या दुसऱ्या भागाला एक मोठी पुरवणी जोडली गेली होती. ती व्हॉल्व्हच्या संमतीनें, पण खुद्द चाहत्यांनीं तयार केली होती. २००९ मध्यें पहिल्या भागांत एका दीपगृहाचा नकाशा दिलेला होता. तेथें शक्य तितका वेळ तग धरावयाची, सुटका नाहींच, असा तो प्रकार होता. अकरा वर्षांनीं चाहत्यांनीं त्या दीपगृहापर्यंत जाणारी वाट बांधली आणि तेथून सुटण्याची सोयही केली.